आत्याच्या लुगड्याचा पोचारा

माजं माहेर शेवगावच्या पल्याड, निसतं माळरान, उन्हाळ्यात डोळं दिपतील असलं पांढरं ऊन, आन वडलांचं काम बी पांढरंच, चुना मारायचं. दिवाळी आली, लगीनसराई आली का आजूबाजूच्या गावांतनं बोलावनं यायचं आन दादा, आमी वडलांना दादा म्हनायचो, बादली आन कुंचा घिऊन निघायचे. कुंचा म्हंजी दुकानातला ब्रश न्हवं बरं का. ओढ्याच्या कडंला घायपात असायचं, ते लांब टोकदार पानांचं, त्याचं पान आनायचं, दगडावर कुटायचं, कुटून कुटून त्याचा गर निघून गेला का आत पांढरे दोरे ऱ्हात्यात, ते धुवायचे, वाळवायचे आन मूठभर घिऊन दांड्याला बांधायचे. बांधताना गाठीवर धरायला दुसऱ्याचं बोट लागतं. ते बोट माजं. भाऊ लहान, आई रोजानं शेतावर, मंग ऱ्हायलं कोन? दादा म्हनायचे, मंगल, बोट काढू नको, आन मी काढायची न्हाई. सुतळी आवळली का बोटाला वळ उठायचा, पन काढायची न्हाई. सुतळी ते आदी भिजवून घ्यायचे. मी एकदा इचारलं, का हो दादा? तर म्हनाले, कोरडी सुतळी निसटती, ओली गाठीत बसती. लई बोलायचे न्हाईत, पन जे बोलले ते माज्या बोटात ऱ्हायलं. त्यांनी मला शाळा फारशी दिली न्हाई, त्यांच्याकडं ती नव्हतीच द्यायला, पन ही गाठ दिली. आज त्या गाठीवर माजं पोट हाय, म्हनून त्यांचं नाव आदी घेतलं.

लगीन झालं आन मी हिकडं आले, घोडेगावच्या वस्तीवर. घोडेगावचा जनावरांचा बाजार तुमाला ठावंच हाय, लांबलांबची मान्सं येत्यात. आमचे हे त्याच बाजारात, टेम्पोत जनावरं चढवायची-उतरवायची. साधा मानूस. जनावराला काठी मारायचे न्हाईत, गोडीगुलाबीनं चढवायचे, म्हनून यापारी ह्यांनाच हाका मारायचे. घरात हे, मी, आमची अश्विनी आन आत्या. आत्या म्हंजी माजी सासू, आमच्याकडं सासूला आत्याच म्हनत्यात. आत्या माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडं सुदीक यायचं न्हाई, कोनी बाहेर खाऊन आलं तर त्यानं दारातच चूळ भरायची आन मंग पाऊल टाकायचं. ह्यांनी लगीन व्हायच्या आदी कदी बाजारात खाल्लं आसंल, पन घरात कदी कबूल केलं न्हाई. मी बी माहेरी खायची, सनावाराला, हितं आले आन सोडलं. वाईट वाटलं न्हाई. ज्या घरात आपन ऱ्हातो त्या घराचं आपन पाळावं, एवढंच मला कळत हुतं.

काय सांगू तुमाला, आत्यांचा आन माजा जीव लई. भांडान न्हाई असं न्हाई, मीठ जास्ती पडलं, केर नीट निघाला न्हाई, ह्यावरनं रोज चालायचं. पन अश्विनीच्या बाळंतपनात त्यांनी माजे पाय चेपलेत. सासू सुनंचे पाय चेपती का कुटं? शेजारीन म्हनली सुदीक, आक्का, उलटं चाललंय तुमचं. तर आत्या म्हनाल्या, तुज्या सासूनं चेपले न्हाईत म्हनून तुजे दुखत्यात का माजं बघून? असं बोलायच्या.

मंग अश्विनी बारावी झाली, नगरला कॉलेजात जायचं म्हनाली. आमच्या घरात त्याच्या आदी कोनी कॉलेजाचं फाटक बगितलं नव्हतं. हे म्हनाले, जाऊ दे तिला. आत्या म्हनाल्या, जाऊ दे. मंग मी म्हनलं, मी बी काम बगते. रोडला, शिंगणापूरच्या फाट्याच्या जरा अलीकडं, एक ढाबा हाय, त्याच्या मालकाला भाकरी थापायला बाई पायजे हुती. मालकाला समदी नाना म्हनत्यात. ढाब्यावर कोंबडी हुती, मटन हुतं, पन माजं काम निसतं भाकरीचं. आत्यांना इचारलं. त्यांनी माळ हातात धरली, म्हनाल्या, भाकरीच ना? म्हनलं, भाकरीच. म्हनाल्या, मंग जा, पन आल्यावर आदी आंघोळ, मंग चुलीकडं. म्हनलं, बरं. आन ते मी पाळलं. थंडी आसू दे, अंगात कणकण आसू दे, आदी आंघोळ.

ढाब्यावर भट्टी संभाळायला एक उस्ताद हुता, लांबच्या मुलखातला. सळईला कोंबडी लावायची, कोळशावर फिरवायची, वरनं तेलमसाल्याचं पानी मारत ऱ्हायचं, म्हंजी ती वाळत न्हाई. मी भाकरी थापता थापता त्याच्याकडं बगायची. चूल ती चूलच, कोळसा काय आन काटकी काय, जाळ कुटं भडकतो आन कुटं दबतो हे बाईला शिकवावं लागत न्हाई. तो बी चांगला मानूस, मला ताई म्हनायचा. एक दिवस बहिणीच्या लग्नाला म्हनून गावी गेला तो गेलाच, तिकडंच त्याला काम लागलं. नाना डोक्याला हात लावून बसले. दोन-तीन जन आनले, एक कोंबडी जाळायचा, एक कच्ची ठेवायचा, एकाला तर गिऱ्हाइकांच्या आदी सवताच चाखायची घाई. शेवटी नाना मला म्हनाले, मंगलबाई, तुमी उभ्या ऱ्हा. मी म्हनलं, नाना, मी खात न्हाई. ते म्हनाले, तेच पायजे मला, खाऊन संपवनारे लई झाले.

हासू आलं, पन घरी आत्या हुत्या. घरी येऊन आंघोळ केली आन आत्यांना सांगितलं. लपवून करायचं नव्हतं. म्हनलं, आत्या, अश्विनीचं अजून दोन वर्सं हाय, भाकरीत भागत न्हाई, भट्टीवर उभी ऱ्हाऊ का?  ऱ्हाऊ नको असं म्हनल्या न्हाईत, ऱ्हा असं बी न्हाई. दुसऱ्या दिवशी मी कामावरनं आले तर ओट्यावर तीन दगडं मांडलेली, त्यावर बारका तवा, आन आत्या आपल्या हातानं आपली भाकरी भाजत बसलेल्या. म्हनलं, आत्या, हे काय? म्हनाल्या, काही न्हाई गं, माजी माज्यापुरती. तुमी तुमचं खावा.

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडान मिटतं. हे काय मिटनार? पहिल्यासारखंच बोलायच्या, माज्या डोक्याला तेल लावून द्यायच्या, पन माज्या हातचं पानी सोडलं तर काही घेत नव्हत्या. त्यांच्याकडनं इचार केला तर त्यांचं चुकत नव्हतं. माज्याकडनं केला तर माजं बी न्हाई. मंग करायचं काय? जेवताना माजा घास त्या तीन दगडांकडं बगून खाली उतरायचा न्हाई. ह्यांनी एकदा आईला समजवायला बगितलं, तर म्हनाल्या, तू तुजी जनावरं चढव, ह्यात पडू नको. मला एकच वाटायचं, आत्यांचं वय झालं, त्यांनी माज्या हातचा घास परत कदी घेतलाच न्हाई आन तशाच गेल्या, तर मी काय करू? दुसरं काही नको हुतं मला.

आता तुमी मला पोचाऱ्याचं, ह्या काठीला बांधलेल्या चिंध्यांच्या कुंच्याचं, इचारलं आन मी सासूचं सांगत बसले. पन ते एकच हाय, बगा तुमाला कळंल.

भट्टीवर पहिल्या दिवसापास्नं माजी पंचाईत झाली ती ब्रशवरनं. उस्तादाचा ब्रश त्याच्यासंगं गेला. नानांनी दुकानातनं रंगाचा ब्रश आनला, कोरा. तेलात बुडवला, कोंबडीवर फिरवला, आन त्याचे केस सुटायला लागले. शुक्रवार, बाजाराचा दिवस, ढाबा भरलेला. एका यापाऱ्यानं तोंडातनं काळा केस काढला आन वर धरून सगळ्यांना दाखवला, म्हनला, नाना, बाजारात म्हशी दात बगून घेतो, तुमच्याकडं कोंबडीच्या मिशा बगून घ्यायच्या का? सगळा ढाबा हासला. मला भट्टीत शिरावं वाटलं. मंग नानांनी रबराचा ब्रश आनला, गुळगुळीत. त्यानं केस जायचे न्हाईत पन तेल बी ऱ्हायचं न्हाई, समदं निथळून कोळशावर, आन जाळ भस्सकन वर. मी म्हनलं, आपन आपलं करू. ओढ्याला गेले, घायपात आनलं, कुटलं, धुतलं, दादांवानी कुंचा बांधला. लई नामी दिसत हुता. पन मनात शंका, म्हनून आदी तेलात बुडवून आपल्याच ओठाला लावून बगितला. आन ओठ असा खाजला, असा खाजला म्हनता. घायपाताचा रस खाजरा, भिंतीला काय कळतंय? दादांच्या भिंतींनी कदी तक्रार केली नव्हती. दिवसभर ओठ सुजलेला, आन नाना सगळ्यांना सांगत हिंडले, आमच्या बाईनं आज भट्टीचा मुका घेतला.

मंग कापडाचा इचार केला. उस्ताद एकदा म्हनला हुता, ताई, माजी आई कापडाचा पोचारा करायची. म्हनलं, करू. माज्या साड्या फाडायला घेतल्या तर समद्या नायलॉनच्या. त्या जाळापाशी नेल्या का गोळा व्हऊन चिकटत्यात, वास सुटतो. दुकानातनं कोरं सुती कापड आनलं तर त्याला खळ, तेल पीतच न्हाई, निसतं ताठ उभं. पोचाऱ्याला कसं कापड पायजे, सांगू? वर्सानुवर्सं धुतलेलं, घामानं, उन्हानं, दगडावर आपटून आपटून मऊ झालेलं, सूत दिसायला लागलेलं. असलं कापड आमच्या घरात एकाच पेटीत हुतं, आत्यांच्या. त्यांची नऊवारी सुती लुगडी. पन ते मागायचं कसं? माळकरी बाईचं लुगडं कोंबडीवर? माजी जीभच उचलंना. अश्विनी सुट्टीला आल्ती, ती म्हनली, आई, इचारून तर बघ. म्हनलं, चूप बस, कॉलेजात हेच शिकवत्यात का? मंग ह्यांचे जुने पंचे घेतले, ते बरे निगाले, त्याचाच पोचारा केला.

पन आत्यांनी ओट्यावरनं समदं ऐकलं हुतं. दोनचार दिवसांनी मला म्हनाल्या, शनवारी तुमच्या भट्टीवर काय असतं गं? म्हनलं, शनवारी आन अमावास्येला मटन-कोंबडी चढतच न्हाई. शिंगणापूरला जानारी मान्सं थांबत्यात, कोनी उपासाचं, कोनी त्या दिवशी मांस न खानारं. वांगी, पनीर, कनसं, रताळी. नानांचा नेम हाय, शुक्रवारी सांजच्याला भट्टी राखेनं आन लिंबानं घासायची, जुना कोळसा टाकायचा, शनवारी नवा पेटवायचा. आत्या उठल्या, पेटीतनं एक फाटकं लुगडं काढलं, हिरव्या काठाचं, आन माज्या मांडीवर टाकलं. म्हनाल्या, हे शनवारच्याला. दुसऱ्या कशाला लावलंस तर माज्या गळ्यातल्या माळंची शपथ. मी लुगडं डोळ्याला लावलं. जेवायला मातर त्या त्यांच्या दगडांकडंच गेल्या.

तर असे माजे दोन पोचारे झाले. लाल काठाचा पंच्याचा, तो रोजचा. हिरव्या काठाचा लुगड्याचा, तो उपासाच्या मान्सांचा. कसा करायचा म्हनता? वेळूची काठी घ्यायची, हातभर, म्हंजी हात भाजत न्हाई. टोकापासनं चार बोटं सोडून सुरीनं गोल खाच पाडायची, सुतळी तिथं बसती. कापड कातरायचं न्हाई, फाडायचं, दोन बोटं रुंद पट्ट्या. फाडलेल्या कडंचं सूत मोकळं ऱ्हातं, तेल धरतं. आता खरी मेख हितं हाय. पट्ट्या काठीला लावायच्या त्या उलट्या, तोंड मुठीकडं करून, आन भिजवलेल्या सुतळीनं खाचंत आवळायच्या. मंग समद्या पट्ट्या गाठीवरनं उलटवून पुढं आनायच्या आन पुन्ना एकदा बांधायचं. पहिली गाठ आत लपती, जाळ तिला दिसत न्हाई, पट्टी निसटत न्हाई. ही मेख दादांच्या कुंच्याची. मंग मिठाच्या पान्यात उकळायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा, आन वापरायच्या आदी तेलात घटकाभर ठिवायचा. मारायचा म्हंजी घासायचा न्हाई, घासलं का मसाला निगून येतो. टेकवायचा, उचलायचा. लेकराला पावडर लावल्यागत.

रोज घरी आनून धुवायची मी, तो लाल वेगळ्या पिशवीत, हिरवा वेगळ्या. शुक्रवारच्या बाजारात बी एखादा माळकरी यापारी असतो, वांगं मागतो, त्याच्यासाठी हिरवा मी शुक्रवारपास्नंच संगं न्यायची, आन वांग्यांची बारकी शेगडी अलग.

आता ऐका. एकदा शनवारी अमावास्या आली. शनी अमावास्येला शिंगणापूरला किती गर्दी असती ते काय सांगायचं, रोड दिसत न्हाई. आदल्या दिवशी बाजार. दुपारची येळ, भट्टीवर सळ्या भरलेल्या, चरबी कोळशावर गळली आन जाळ उठला, मी सळई ओढायला गेले आन उजवा हात पुरा भाजला, तळवा आन बोटं. नानांनी हात पान्यात धरायला लावला, डॉक्टरकडं नेलं, पट्टी बांधली, आन घाबरून गेलेले बिचारे, माजं सामान आवरताना त्यांनी दोनी पोचारे एकाच पिशवीत कोंबले. मला शुद्ध कुटं हुती बगायची? घरी आले, आंघोळ सुदीक डाव्या हातानं कशीतरी केली, गोळी घेतली आन आडवी झाले.

जाग आली तर उन्हं कलली हुती. ओट्यावरनं कापड फाडल्याचा आवाज येत हुता, टर्र, टर्र. उठून बगते तर आत्या बसलेल्या, मांडीवर लुगडं, आन त्याच्या पट्ट्या करत्यात. कुटलं लुगडं? रोजचं, दोरीवर वाळत घातलेलं, निळ्या काठाचं. आत्यांची नेसायची दोनच, एक अंगावर, एक दोरीवर. पेटीत हुती ती जुनी फाटकी, ती आदीच एकेक करून शनवारच्या पोचाऱ्यांत गेलेली. मी वराडलेच, आत्या, हे काय केलं? त्या म्हनाल्या, वराडू नको, शेजारीन येईल. मंग पिशवी दाखवली. आत हिरवा पोचारा, लाल पोचाऱ्याला चिकटून आल्यामुळं कोंबडीच्या तेलानं माखलेला. म्हनाल्या, उद्या अमावास्या. हा चालायचा न्हाई.

म्हनलं, आत्या, सोड्यात उकळते, वास सुदीक ऱ्हानार न्हाई, कोनाला कळनार हाय?

म्हनाल्या, कळनार न्हाई, म्हनूनच नगं. उपाशी मानूस तुज्यावर इस्वास ठिऊन तोंडात घालनार, ते माज्याच तोंडात गेल्यागत हाय.

 म्हनलं, पन तुमी नेसनार काय? म्हनाल्या, अंगावर हाय ते काय हाय? चल बस हितं, मला बांधाया सांग, तुजा हात तर शेंगोळ्यागत गुंडाळलाय. मी बसले. काठी मी दोन गुडघ्यांत धरली. त्या पट्ट्या सरळ लावाया लागल्या, म्हनलं, उलट्या, आत्या. म्हनाल्या, उलट्या कशा? म्हनलं, तोंड माज्याकडं. म्हनाल्या, सरळ कामाला तुला उलटंच सुचतं. लावल्या. सुतळी भिजवली. गुंडाळली, पन आवळताना गाठ सुटायला लागली. मंग माज्याकडं न बगताच म्हनाल्या, मंगल, बोट धर.

काय सांगू तुमाला, मला दादा आठवले. डाव्या हाताचं बोट मी गाठीवर ठिवलं. आत्यांनी आवळलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर आसंल असं वाटलं नव्हतं, वळ उठला. म्हनाल्या, दुखलं का? म्हनलं, न्हाई. म्हनाल्या, डोळ्यात पानी कशाला मंग? म्हनलं, धूर. त्या म्हनाल्या, चूल तर पेटलीच न्हाई अजून. आन आमी दोघी हासाया लागलो.

मंग उठता उठता मी दोरीकडं बगितलं. लांब टोकाला, एकटा, लाल पोचारा वाळत हुता. पांढरा झालेला, राखेनं घासलेला. मला धडकीच भरली. मांसाचा पोचारा त्यो, आत्यांनी कदी त्याच्याकडं मान वळवून बगितलं नव्हतं. म्हनलं, आत्या, हा कोनी धुतला? त्या म्हनाल्या, मांजर आलं हुतं. म्हनलं, मांजरानं? म्हनाल्या, व्हय, बोक्याचं पोरगं, धुऊन वाळत घालून गेलं. आन आत निघून गेल्या. त्यांचे केस वले हुते. आंघोळ केली हुती, डोक्यावरनं.  

दुसऱ्या दिवशी पहाटं मी नवा पोचारा, रातीच उकळून चुलीशी वाळवलेला, घिऊन निघाले तर आत्या ओट्यावर तयार, पायात चपला. म्हनाल्या, एका हातानं सळ्या फिरवशील का पोचारा मारशील? मी येते. म्हनलं, आत्या, तितं? म्हनाल्या, शनवारी भट्टी घासलेली असती का न्हाई? म्हनलं, असती. म्हनाल्या, मंग चल, का म्हातारीची लाज वाटती?

त्या ढाब्यावर आत्यांनी तोवर पाऊल टाकलं नव्हतं. आदी भट्टीभवती फिरल्या, वाकून जाळी बगितली, बोट फिरवून बोटाचा वास घेतला. नाना हात जोडून उभे, शाळेतल्या पोरागत. मंग म्हनाल्या, बरं हाय. आन पोचारा घेतला. पहिल्यांदा भिंत सारवल्यागत फराफरा घासाया लागल्या. म्हनलं, आत्या, टेकवा, उचला, लेकराला पावडर लावल्यागत. म्हनाल्या, मला शिकिवती? तुज्या नवऱ्याला कोनी पावडर लावली? पन मंग लावलं बरूबर. रताळ्यांना तूप आन लिंबाचं पानी, कनसांना मीठ-लिंबू, काही न्हाई दुसरं. धुरात त्यांचं तोंड लाल झालेलं, पदर खोचलेला, आन मान्सं येऊन येऊन बगायची. एक जन म्हनला, नाना, आई हाय का तुमची? नानांनी काही बोलायच्या आदी आत्या म्हनाल्या, मंगलची हाय. एक बाई पाया पडली, म्हनली, आजी, रताळं लई गोड हाय. म्हनाल्या, रताळं गोडच असतं बाई, त्यात माजं काय? पन नंतर मला हळूच म्हनाल्या, खरंच गोड लागत आसंल का गं?

दुपार टळली, गर्दी वाईच उतरली, तेव्हा म्हनाल्या, मंगल, भूक लागली. मी त्यांची पिशवी बगाया लागले, त्यांची त्यांची भाकरी फडक्यात बांधून आनली आसंल म्हनून. पिशवीत निसता पान्याचा तांब्या. म्हनलं, आत्या, भाकरी इसरल्या का? त्या कोळशाकडं बगत म्हनाल्या, इसरले न्हाई. आनली न्हाई. दे काय आसंल ते.

 भट्टीवरचं एक रताळं काढलं, सोललं, पानावर ठिवलं. आन मंग कळलं, उजवा हात बांधलेला. डाव्या हातानं आत्यांना घास कसा द्यायचा? एवढ्या दिसांनी त्या घेनार, आन मी डाव्यानं देऊ? मी तशीच उभी. त्या बगत हुत्या. मंग मी डाव्या हाताखाली बांधलेला उजवा हात लावला आन दोन्ही हातांनी पान पुढं केलं. त्यांनी बी दोन्ही हातांनी घेतलं. पहिला घास खाल्ला, सावकाश चावला, आन म्हनाल्या, गोड हाय. मंग दुसरा घास माज्या तोंडात घातला, म्हनाल्या, तू बी सकाळपास्नं उपाशी हायस.

एवढंच. कोनी टाळ्या वाजवल्या न्हाईत. नाना बिचारे तिकडं तोंड करून कांदे मोजत उभे ऱ्हायले.

आता अश्विनीचं शिक्षान झालं, केडगावला नोकरीला हाय, दर दिवाळीला आजीला सुती लुगडं आनती. आत्या ते कोरं नेसून बसत्यात, आन रोज धुत्यात, गरज नसली तरी धुत्यात, दगडावर आपटून आपटून. म्हनलं, आत्या, नवं लुगडं फाटंल ना. म्हनाल्या, मंग काय, खळ काढती हाय, तुला मऊ नको का? शेजारनीला म्हनत्यात, आजकालची लुगडी लवकर फाटतच न्हाईत, माज्या सुनंचं काम अडतंय. ढाब्यावर आता चार भट्ट्या झाल्या, दुसरे ढाबेवाले बी माज्याकडनं पोचारे बांधून नेत्यात, पन निळ्या काठाचा मी कोनाला देत न्हाई, तो शनवारचा, आमचाच.

सगळं बदललं असं समजू नका. घरात अजून अंडं येत न्हाई. लाल पोचारा मीच धुते, आत्या त्याच्याकडं बगत न्हाईत, आन मांजर पुन्ना आलं न्हाई. आंघोळीबिगर मला चुलीकडं जायची सोय न्हाई, आन मला ती सोय नको बी हाय. ओट्यावरची ती तीन दगडं अजून तिथंच हायत. मी एकदा उचलाया गेले तर त्या म्हनाल्या, ऱ्हाऊ दे, कामाला येत्यात. आता त्यांच्यावर शनवारचे पोचारे उकळत्यात, मिठाच्या पान्यात, आन आत्या काटकी सरकवत बसत्यात.

देवाकडं मी काय मागू? दादांनी गाठ दिली, उस्तादानं एक शब्द दिला, नानांनी भट्टी दिली, आन आत्यांनी अंगावरचं तेवढं ठिऊन लुगडं दिलं. अशी मान्सं सगळ्यांना भेटू दे. काल सांजच्याला दमून आले, तर ओट्यावर पातेलं उकळत हुतं, आत्या जाळाशी बसल्या हुत्या. माज्याकडं न बगताच म्हनाल्या, मंगल, आंघोळ केली का?

म्हनलं, केली.

म्हनाल्या, मंग वाढ.